आपली मुलं आणि दुसऱ्या मजल्यावरचं दार

मूल जन्मतः अज्ञानी असतं. कोणाचा द्वेष करावा हे त्याला कळत नाही, आणि म्हणूनच कोणाचा करू नये हेही कळत नाही. ही दुहेरी उणीव भरून काढण्याचं काम निसर्गाने आईबापांवर सोपवलं आहे. त्यातला पहिला अर्धा भाग बहुतेक आईबाप येताजाता, जेवताखाता, कसलाही गाजावाजा न करता पार पाडतात. दुसऱ्या अर्ध्यासाठी मात्र हॉल घ्यावा लागतो, खुर्च्या मागवाव्या लागतात आणि बाहेरून तज्ज्ञ बोलवावा लागतो.

त्या चार मजली इमारतीवर हॉल घेण्याची वेळ आली ती एका मंगळवारी. दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाच्या दारावर रात्रीतून कोणीतरी हातभर उंचीच्या लाल अक्षरांत तीन शब्द लिहिले होते, आणि खाली त्यांच्या स्कूटरची सीट जाळली होती. (शब्द इथे देत नाही. ते तुम्हाला पाठ आहेत. कुठे कोणासाठी वापरायचे, एवढंच काय ते बदलतं.) घरातली बाई इस्पितळात नर्स, नवरा बेकरीच्या भट्टीवर आणि पदरी आठ वर्षांची एक मुलगी. या तिघांनी आजवर कोणाच्या अध्यात ना मध्यात. एक मांजर पाळली होती, पण तीही पायरीवर बसून सगळ्यांकडे सारख्याच तुच्छतेने बघायची. बाकी त्यांचा दोष म्हणाल तर ते ‘तसले’ होते, एवढाच.

तिसऱ्या मजल्यावरचे रंगवाले सकाळी दूध आणायला खाली उतरत होते. चौकात त्यांचं रंगाचं दुकान, म्हणून सगळे त्यांना रंगवालेच म्हणत. दारासमोर इतर लोक थबकले होते तसे तेही थबकले. पण इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ उभे राहिले. इतरांनी शब्द वाचले. रंगवाल्यांनी रंग वाचला.

सातशे चौदा नंबर, पिकलं डाळिंब, त्यात वरून दोन मापं काळा. हा रंग बाजारात तयार मिळत नाही. तो त्यांनीच आपल्या हाताने मशीनवर घोटून दिला होता, सोसायटीच्या अध्यक्षांच्या चिरंजीवांना, व्यायामशाळेच्या पाटीसाठी. “काका, अजून थोडा काळपट करा ना, रक्तासारखा दिसला पाहिजे,” असं चिरंजीव काउंटरवर कोपर टेकून म्हणाले होते, आणि काकांनी मोठ्या हौसेने तो रक्तासारखा करून दिला होता.

रंगवाल्यांनी बोट लावून रंग वाळलाय का ते पाहिलं. मग त्यांनी दूध आणलं.

“ओळखलात ना?” बायकोने दुधाची पिशवी हातातून घेताघेताच विचारलं.

“काय?”

“रंग. तुमच्या तोंडावर लिहिलंय.”

“सातशे चौदा आहे. आपल्याकडचाच.”

“मग सांगा की जाऊन.”

“कोणाला? अध्यक्षांना? त्यांच्याच पोराचं?”

“पोलिसांना.”

“अगं, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं का? आणि पुढच्या महिन्यात अख्ख्या इमारतीला रंग काढायचाय. त्यांची सही लागते.”

 बायकोने फक्त गॅस बारीक केला. संसारात मुरलेल्या नवऱ्याला असलं न बोलणं चांगलं ऐकू येतं, पण त्याला कानही झाकून घेता येतात.

पोलीस आले आणि ‘अज्ञात इसम’ असं लिहून गेले. हा अज्ञात इसम मोठा उद्योगी माणूस आहे. त्याला कोणी पाहिलेलं नाही, त्याला घरदार नाही, बाप तर नाहीच नाही, आणि तरीही गावोगावच्या निम्म्या भानगडी एकटा करतो.

गुन्ह्याची अशी व्यवस्था लागल्यावर समाजाकडे लक्ष देणं आलं. अध्यक्ष वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे प्रत्येक गोष्ट तोलून बोलत. (पारडं कुठल्या बाजूला झुकवायचं ते आधी ठरवत, मग तोलत.) त्यांनी तातडीची सभा घेतली आणि घडल्या प्रकाराने आपण किती व्यथित झालो आहोत हे सांगताना दोनदा चष्मा पुसला. दोष कोणा एकाचा नाही, असं ते म्हणाले. दोष संस्कारांचा आहे, आणि संस्कार घरात होतात. तेव्हा आईबापांना प्रशिक्षण दिलं पाहिजे, म्हणजे ते मुलांना शिकवतील, म्हणजे आणखी वीस वर्षांनी असं काही होणार नाही. सभेने टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांनंतरच्या गुन्ह्याचा बंदोबस्त आजच्या गुन्ह्यापेक्षा नेहमीच सोपा असतो.

सदर सभेत एकमताने ठरलं ते असं. प्रशिक्षणासाठी एक समिती नेमावी, पण तिच्या नावात ‘द्वेष’ हा शब्द नको, तो कानाला टोचतो, ‘गैरसमज’ म्हणावं. इतिवृत्तात दाराच्या प्रकाराला ‘दाराचा विषय’ आणि स्कूटरच्या प्रकाराला ‘वाहन तापल्याचा प्रसंग’ असं संबोधावं. दार सोसायटीच्या खर्चाने रंगवून द्यावं. कार्यशाळेला दुसऱ्या मजल्यावरच्यांना बोलवू नये, कारण आपण त्यांच्याविषयी बोलणार आणि त्यांना उगाच कसंतरी वाटणार. (या मुद्द्यावर एका वहिनींचे डोळे भरून आले. किती विचार करतो आपण दुसऱ्याचा, असं त्या म्हणाल्या.) समितीच्या चिटणीसपदी रंगवाल्यांची निवड झाली, आणि सजावटीचं काम तरुणांच्या वतीने चिरंजीवांनी स्वतःहून अंगावर घेतलं. मुलगा गुणी होता. कामाला कधी नाही म्हणत नसे.

दार रंगवायचं अर्थातच रंगवाल्यांकडे आलं. लालावर थेट पांढरा मारला की लाल वर येतो. आधी तो घासून काढावा लागतो, मग अस्तर, मग रंग. धंद्यातली ही बाराखडी आहे. पण घासायचं म्हणजे जिनाभर आवाज होणार आणि लोक चौकशा करणार. अध्यक्ष म्हणाले, “वरून दोन हात मारा आणि मोकळे व्हा.” रंगवाल्यांनी दोन हात मारले. आठवडाभरात गुलाबी अक्षरं वर आली. तिसरा हात मारला. मग ती इतकी फिकट झाली, की कुठे बघायचं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसत. इमारतीत ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसरा हात मारताना नर्सबाईंनी त्यांना चहा आणून दिला. “तुम्ही स्वतः आलात, बरं वाटलं हो भाऊ,” त्या म्हणाल्या. “कोणी केलं असेल? आमच्या ह्यांना रात्रपाळीला जायची भीती वाटते आता. आम्हाला घरात टाकून जायची.”

“काय सांगावं ताई,” रंगवाले कुंचल्याकडे बघत म्हणाले, “हल्ली कोणाचं काही सांगता येत नाही.” चहा चांगला होता, पण त्यांनी तो अर्धाच पिऊन कप खाली ठेवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लपवायला त्यांनी चौकटही फुकटात रंगवून दिली.

आता मुलांविषयी. रंगवाल्यांची मुलगी आठ वर्षांची. एका जागी कधी टिकायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत. खालची मुलगीही त्याच वयाची. तिला दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारता यायची, की चौकातले रिकामे ट्रक थांबत. म्हणून मुलांनी तिचं नाव शिट्टी ठेवलं होतं. खालून शिट्टी ऐकू आली की भिंगरी हातातला घास टाकून धावत सुटे. दोघी झोपाळ्यावरून भांडत, एकमेकींच्या झिंज्या ओढत, कट्टी घेत आणि संध्याकाळच्या आत बट्टी करत. भिंगरीला शिट्टीविषयी तीनच गोष्टी ठाऊक होत्या: ती शिट्टी मारते, ती पकडापकडीत चिडते, आणि तिच्या मांजरीला पोटाला हात लावलेला आवडत नाही.

समितीच्या पूर्वपाहणीत हीच गंभीर स्थिती सर्वत्र आढळली. इमारतीतल्या एकतीस मुलांपैकी एकोणतीस मुलांना दुसऱ्या मजल्यावरची माणसं कोणत्याही प्रकारे वेगळी आहेत याचा पत्ताच नव्हता. उरलेल्या दोघांपैकी एकाने वेगळेपण म्हणून मांजरीचा उल्लेख केला. बाहेरून बोलावलेल्या समुपदेशक बाईंनी कार्यशाळेत हे आकडे पडद्यावर दाखवले तेव्हा हॉलमध्ये चिंतेचं वातावरण पसरलं.

समुपदेशक बाई फार अभ्यासू होत्या. भेदभाव करू नये हे मुलाला शिकवायचं, तर आधी भेद दाखवून द्यायला हवा, असं त्यांचं शास्त्र होतं. खड्डा दाखवल्याशिवाय खड्डा टाळा म्हणून कसं सांगणार? म्हणून त्यांनी पालकांना चार पायऱ्या आखून दिल्या. पहिली, मुलाला सांगा की काही माणसं आपल्यासारखी नसतात. दुसरी, ती कोणती, हे आसपासची उदाहरणं देऊन नीट पटवा. तिसरी, ती आपल्यासारखीच असतात असं सांगा. चौथी, पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत विसंगती आहे असं मूल म्हणालं तर त्याला शाबासकी द्या आणि झोपवा.

रंगवाले पहिल्या रांगेत बसून सगळं उतरवून घेत. चिटणीसच होते ते. घरी जाऊन त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं आणि पायऱ्या एकेक करून चढवल्या.

“म्हणजे शिट्टी आपल्यासारखी नाही?” भिंगरीने विचारलं.

“नाही, म्हणजे आहे. पण तसं बघितलं तर नाही. पण आपण तसं बघायचं नाही.”

“मग तू मला का दाखवलंस?”

“तू बघू नयेस म्हणून.”

भिंगरीने विचार केला. “बाबा, दारावर कोणी लिहिलं?”

समुपदेशक बाईंनी वाटलेल्या पुस्तिकेत या प्रश्नाची तरतूद होती. मुलाने ‘कोणी’ असं विचारल्यास त्याला हळुवारपणे ‘का’कडे वळवावे, असं ठळक अक्षरांत छापलं होतं. रंगवाल्यांनी हळुवारपणे वळवलं. काही लोकांच्या मनात भीती असते, ते म्हणाले.

“कोणत्या लोकांच्या?”

“असतात काही.”

“आपल्या बिल्डिंगमधल्या?”

“झोप आता,” रंगवाले म्हणाले. स्वयंपाकघरात एक भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

प्रशिक्षणाचा परिणाम झपाट्याने दिसू लागला. भिंगरी शिट्टीशी अतिशय अदबीने वागायला लागली. झोपाळ्यावर आधी तिला बसवायची. पकडापकडीत मुद्दाम सापडायची. शिट्टी खोटं खेळली तरी “असू दे, असू दे,” म्हणायची. बाकीची मुलंही तसंच वागू लागली, आणि शिट्टी पायरीवरून उतरली की खेळ थांबवून तिच्याकडे बघून हसू लागली. असलं हसू मोठ्या माणसांनाही दोन मिनिटांच्या वर सोसत नाही.

“तू माझ्याशी भांडत का नाहीस?” शिट्टीने एकदा विचारलं.

“कारण तू वेगळी आहेस,” भिंगरीने शिकवल्याप्रमाणे सांगितलं, “पण त्याने काही बिघडत नाही.”

त्या संध्याकाळनंतर खालून शिट्टी ऐकू आली नाही. समितीच्या अहवालात याची नोंद ‘मुलांमधील भांडणांत शंभर टक्के घट’ अशी आहे. एकतीसच्या एकतीस मुलांना आता दुसरा मजला अचूक ओळखता येत होता. आलेख वर गेला होता. समुपदेशक बाईंनी तो मोबाइलमध्ये टिपून घेतला.

समारोपाचा कार्यक्रम थाटात झाला. आईबापांना प्रमाणपत्रं होती, मुलांची प्रश्नोत्तरं होती. (प्रश्न आधीच वाटून दिलेले होते, म्हणजे उत्तरं देणाऱ्यांची गैरसोय नको.) मागे भिंतभर कापडी फलक ताणलेला होता आणि त्यावर चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘आपण सारे एकसारखे’. लाल रंगात. तरुण पिढी उधळी आहे असं म्हणतात, पण या मुलाला काटकसर होती. डब्यात उरलेला रंग त्याने वाया जाऊ दिला नव्हता.

रंगवाले हॉलमध्ये शिरले, फलक बघितला आणि त्यांच्या हातातली प्रमाणपत्रं खाली सांडली. ती गोळा करायला पहिल्यांदा धावले ते चिरंजीवच. “सावकाश, काका,” ते म्हणाले.

आता इथे दुकानातली एक गोष्ट सांगायला हवी. रविवारी भिंगरी बापाबरोबर काउंटरवर बसे, आणि दोघांचा एक खेळ चाले. बाप शेडकार्डावर एखाद्या रंगाच्या चौकोनाखालचा नंबर अंगठ्याने झाकी आणि पोरीने तो ओळखायचा. पोर कधी चुकत नसे. गिऱ्हाईक “लाल द्या” म्हणालं, की ती बापासारखीच भुवई उंचावून विचारी, “कुठला लाल?” रंगवाल्यांना तिचं फार कौतुक. “ज्याला दोन लाल वेगळे दिसतात तो डोळस, बाकी सगळे नुसतेच डोळे घेऊन फिरतात,” असं ते तिला नेहमी सांगत. एवढं एकच काहीतरी त्यांनी तिला पुस्तिकेशिवाय शिकवलं होतं.

भिंगरीची पाळी आली. तिला दिलेला प्रश्न होता, ‘सगळी माणसं सारखीच असतात का?’ ती माइकसमोर उभी राहिली, मागे वळून तिने फलकाकडे पाहिलं, आणि मग बापाकडे.

“बाबा,” ती माइकमधून म्हणाली, “हा तोच लाल आहे ना? दारावरचा?”

हॉलमधल्या खुर्च्या एकदम करकरायच्या थांबल्या. चिरंजीव फलकाची दोरी घट्ट करण्यात गुंतले. दरवाज्यात नर्सबाई उभ्या होत्या. त्यांना आमंत्रण नव्हतंच; पाळीवर निघाल्या होत्या, मुलीला शेजारणीकडे सोडायला म्हणून या बाजूने आल्या आणि माइकवर ‘दार’ ऐकून थांबल्या. शिट्टीने त्यांचं बोट धरलं होतं.

अध्यक्षांनी क्षणभर तोललं. “मुलांची निरीक्षणशक्ती किती छान असते पाहा,” ते म्हणाले. “रंगवाले, तुम्ही यातले जाणकार. सांगा बघू तुमच्या लेकीला.”

रंगवाले उभे राहिले. त्यांना फक्त ‘हो बाळा, तोच’ एवढं म्हणायचं होतं. तीनच शब्द, दारावर होते तेवढेच. ते जिभेच्या टोकापर्यंत आले. बायको मान वर करून त्यांच्याकडे बघत होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या नजरेत राग नव्हता, नुसती आशा होती.

“लाल तो लाल गं बाळा,” रंगवाले म्हणाले. “लाल सगळे सारखेच असतात.”

“वा!” समुपदेशक बाई जागच्या जागी उठल्या. “रंगांतसुद्धा भेद करायचा नाही! ही खरी शिकवण!” टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. भिंगरीने बापाकडे पाहिलं. दुकानात धडधडीत चुकीचा नंबर सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती बघायची, तसं. मग ती “बरं” म्हणाली आणि जाग्यावर जाऊन बसली. दरवाज्यात आता कोणी नव्हतं.

महिनाअखेरीस दुसरा मजला रिकामा झाला. टेम्पो निघताना समितीने गुलदस्ता दिला. मांजर ऐनवेळी सापडली नाही, म्हणून मागेच राहिली. ती अजून पायरीवर येऊन बसते. नवीन भाडेकरू आपल्यातलेच आहेत, त्यामुळे मुलांना आता सरावासाठी दुसऱ्या इमारतीत न्यावं लागतं. त्यांनी आल्याआल्या दार घासून घेतलं. जिनाभर आवाज झाला, पण कोणी चौकशी केली नाही. इमारतीलाही नवा रंग लागला, रंगवाल्यांच्याच दुकानातला.

भिंगरी अजून रविवारी दुकानात बसते. रंगवाले अंगठ्याने नंबर झाकतात आणि विचारतात, “सांग, कुठला?”

“लाल,” ती म्हणते.

“अगं, पण कुठला लाल?”

“लाल तो लाल,” ती म्हणते आणि रस्त्याकडे बघत बसते. रंगवाले शेडकार्ड मिटून ठेवतात. घरी ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलेली नाही.

उपक्रम यशस्वी झाला यात शंका नाही, आणि अन्य इमारतींनी तो राबवायला हरकत नाही. एवढंच, की दुसऱ्या मजल्यावरची ती माणसं नेमकी कोणातली होती हे या कथेत कुठेही सांगितलेलं नाही. लेखकाचा विसराळूपणा म्हणून सोडून द्यावं; कारण त्यावाचून तुमचं काहीच अडलं नाही. ‘तसले’ हा शब्द आला तेव्हाच तुम्ही त्यांना मनातल्या मनात एक नाव देऊन टाकलंत, आणि ते कुटुंब त्या नावासकट टेम्पोत बसून निघूनही गेलं. त्यासाठी तुम्हाला हॉल लागला नाही, खुर्च्या लागल्या नाहीत, समुपदेशक बाईही लागल्या नाहीत. तुमचं प्रमाणपत्र चिटणिसांकडे तयार आहे, सवडीने घेऊन जा. आणि जाताना जिन्यात तुमच्या मुलाने विचारलंच, की ते कोण होते हे तुला कोणी शिकवलं, तर त्याला हळुवारपणे ‘का’कडे वळवा.